आदिबंध की पूर्वज? रिचर्ड ओवेनच्या निमित्ताने

'आदिबंध' ही संकल्पना मराठी समीक्षेत आली ती प्रामुख्याने युंगच्या मानसशास्त्रातून. परंतु ज्या इंग्रजी संज्ञेसाठी आपण हा शब्द योजतो, ती रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1848 मध्येच पृष्ठवंशी प्राण्यांच्या सांगाड्यावरील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात वापरली होती. ओवेन म्हणजे 1842 मध्ये डायनोसॉरांना हे नाव देणारा आणि 1860 मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त निनावी लेख लिहून डार्विनवर तुटून पडणारा. त्याला प्रतिगामी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्या चुकीचे स्वरूप समजून घेणे अधिक उपयोगाचे.

माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतील हाडांची मांडणी एकच आहे. हे रचनासाम्य निव्वळ कार्यसाम्यापासून ओवेनने काटेकोरपणे वेगळे केले : वटवाघूळ उडते तसे फुलपाखरूही उडते, पण त्यांचे पंख हे 'तेच अवयव' नव्हेत. (आपल्या तौलनिक अभ्यासांत हा भेद किती वेळा पाळला जातो?) रचनासाम्याचे कारण मात्र त्याला ईश्वरी मनातील मूळ आराखड्यात दिसले. जाती नियमबद्ध रीतीने उद्भवतात, हे त्याने पुढे मान्य केले. नैसर्गिक निवड कधीच नाही. डार्विनने 1859 मध्ये पुरावा तोच ठेवला आणि आराखड्याच्या जागी पूर्वज बसवला. आराखड्याला काळ नसतो, स्थळ नसते. पूर्वजाला दोन्ही असतात.

ओवेनच्या मेजावर महाराष्ट्राचाही एक अवशेष गेला होता. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांच्या शोधकार्यातून चंद्रपूर परिसरातील मांगली येथे मिळालेल्या कवटीचे त्याने 1855 मध्ये 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' या नावाने वर्णन केले. तिचे सगोत्र प्राणी पुढे ऑस्ट्रेलियातही सापडले. हे साम्य आज समान पूर्वज आणि एकेकाळी सलग असलेली भूमी यांनी उलगडते. ओवेनचे नाव टिकले, वर्णन उपयोगी पडले. स्पष्टीकरण तेवढे गेले.

आता आपल्याकडे वळू. मी मीरा-भाईंदरमध्ये राहतो. येथून जवळच, उत्तनच्या किनाऱ्यावर, ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. साष्टीतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाआधी 'उंबराचे पाणी' आणण्याचा विधी आहे. या भागातील हिंदू आगरी-कोळ्यांच्या लग्नातही उंबराला मान आहे. आदिबंधवादी समीक्षक येथे जल, वृक्ष, सुफलता असा अन्वय लावील आणि थांबेल. तो अन्वय चुकीचा नाही, पण तो याच दोन समाजांविषयी काहीच सांगत नाही. साष्टीत धर्मांतरे झाली सोळाव्या शतकात. ही घराणी त्याआधी एकाच समाजाची होती. त्यामुळे या साम्याला वंशावळ आहे. धर्मांतरानंतर विधी कोणत्या रूपाने टिकला, गीतांतील कोणती नावे बदलली आणि कोणती राहिली, हे प्रश्न वंशावळ मानल्यावरच विचारता येतात.

अर्थात मौखिक परंपरेचा थर खडकासारखा जपला जात नाही, आणि पुष्कळ ओव्यांचा पूर्वज कधीच हाती लागणार नाही. तेथे 'आदिबंध' ही संज्ञा तात्पुरती खूण म्हणून वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तिला कारण म्हणून पुढे करण्याला.