चेलो : वहिवाट आणि सनद

बुलढाणा जिल्ह्यात चेलो हे वाद्य कोणी पाहिले आहे काय, असे मलकापूरच्या फलाटापासून सिंदखेडराजाच्या वेशीपर्यंत विचारीत गेल्यास होकार देणारा मनुष्य विरळाच भेटेल. परंतु ते कोणी ऐकले आहे काय, असा प्रश्न केल्यास त्याचे खरे उत्तर नेमके उलट द्यावे लागेल. आकाशवाणीच्या नागपूर आणि जळगाव केंद्रांवरून ज्यांनी आयुष्यभर चित्रपटगीते ऐकली, त्यांच्या कानांवरून दोन कडव्यांच्या मधल्या संगीतात व्हायोलिनांच्या थव्याखालून सरकत येणारा तो गंभीर, किंचित घोगरा स्वर अगणित वेळा गेलेला आहे. फक्त तो कोणत्या वाद्याचा हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि गाण्याच्या ओघात विचारण्याची गरजही त्यांना भासली नाही. महसुली दप्तराच्या भाषेत बोलावयाचे तर चेलोची आपल्या मुलखात वहिवाट जुनी आहे, सनद मात्र नाही. त्याची सनद म्हणजे त्याच्यासाठी तीनशे वर्षे लिहिले गेलेले स्वतंत्र वाङ्मय. आणि ज्या समाजाने वाद्य स्वीकारले त्यानेच त्याचे वाङ्मय दाराबाहेर ठेवावे, ही महाराष्ट्रातील पाश्चात्त्य संगीताच्या आजच्या अवस्थेतील सर्वांत विचारणीय गोष्ट मला वाटते.

हे वाङ्मय युरोपातही सुखासुखी जन्मले नाही. चेलोच्या चार तारांपैकी सर्वांत खालची सेकंदाला सुमारे पासष्ट आंदोलनांवर लागते, म्हणजे भारदस्त पुरुषी आवाजाच्या खर्जाच्याही तळाशी. आणि तेथून वर स्त्रीकंठाच्या प्रदेशापर्यंत हे वाद्य सहज चढते. मनुष्याच्या गळ्याशी इतके जवळचे नाते असूनही दीर्घकाळ त्याच्याकडे काम आले ते इतरांना खालून आधार देण्याचे. १६८९च्या सुमारास बोलोन्याच्या दोमेनिको गाब्रिएल्लीने साथीवाचून एकट्या चेलोसाठी काही रचना लिहून ठेवल्या, पुढे विवाल्दीने त्याला दोन डझनांहून अधिक कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने एकल वादनाच्या रचना) दिले. तथापि ज्या कृतींनी या वाद्याला स्वतःचे मन असल्याचे सिद्ध केले त्या बाखच्या सहा सुइट (नृत्यचालींच्या मालिका) होत.

१७२०च्या आगेमागे, क्योथेनच्या दरबारी नोकरीत असताना, बाखने त्या रचिल्या असे मानले जाते. त्याच्या हातची मूळ प्रत उरली नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल उरली, आणि छापील रूप मिळण्यास १८२४ साल उजाडावे लागले. त्यानंतरही पाऊणशे वर्षे लोक त्यांना सरावाचे धडे समजत होते. १८९०च्या सुमारास बार्सेलोना शहरातील एका दुकानात तेरा वर्षांच्या पाब्लो कसाल्सच्या हाती त्यांची प्रत लागली, त्याने कित्येक वर्षे त्या घोटल्या, मैफलीत संपूर्ण वाजविण्याचे धाडस केले, आणि १९३६ ते १९३९ या काळात त्या ध्वनिमुद्रित केल्या, तेव्हा कोठे जगाला आपल्या घरात काय पडले होते याची जाणीव झाली. कागदावर स्वरांच्या कृती असूनही त्या वाजविल्या कशा जाव्यात याविषयी बाखने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही: गती, जोर, गजाचे वळण हे सारे वादकाच्या तालमीवर आणि विवेकावर सोपविलेले. ज्या परंपरेत बंदिशीचा सांगाडा एक आणि त्याचे प्राण फुंकणे निराळे मानले जाते, त्या परंपरेतील श्रोत्याला हे परके वाटण्याचे कारण नाही.

आणखी एका दृष्टीने या सुइट आपल्या कानाला जवळच्या आहेत, आणि माझ्या मते तीच दृष्टी महत्त्वाची. पाश्चात्त्य संगीत म्हटले की अनेक स्वरांचे एकाच वेळी उठणारे थर, असा आपला समज असतो व तो बहुतांशी खराही आहे. येथे मात्र एकच वाद्य, बहुधा एका वेळी एकच स्वर, आणि तरीही त्या एकेरी ओळीतून खालचा आधार व वरची चाल दोन्ही ऐकू येतात. पहिल्या सुइटच्या आरंभीच्या प्रिल्यूडमध्ये मोकळी खालची तार पुन्हा पुन्हा स्पर्शून गज वर जातो, त्या वेळी तानपुऱ्यावर वाढलेला कान आपसूकच षड्ज धरून बसतो. मग तो षड्ज हलकेच खालून काढून घेतला जातो, कान क्षणभर निराधार होतो, आणि ही निराधार अवस्था हाच त्या संगीताचा रस आहे हे ध्यानात येते. पाचव्या सुइटमधील साराबांद तर याहूनही कठोर: एकही जोडस्वर नाही, अलंकार नाही, केवळ संथ पडणारे एकाकी स्वर. धृपदाचा आलाप ज्याला पचतो त्याला ते पचावयास हरकत नाही. ज्याला प्रत्येक मात्रेवर टाळी हवी असते त्याने तेथे जाऊच नये.

बाखनंतरची कथा मी भराभर सांगतो, कारण तिच्यात वैभव पुष्कळ असले तरी आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध थोडा. मोझार्टने चेलोसाठी कॉन्चेर्टो लिहिला नाही. बेथोवेनने १७९६ साली बर्लिनला प्रशियाच्या राजाच्या दरबारात, राजा स्वतः चेलो वाजवीत असल्यामुळे, पहिल्या दोन सोनाटा सादर केल्या, आणि १८१५पर्यंत त्यांची संख्या पाचावर नेऊन पियानो व चेलो यांना समान मान दिला. हायडनचा सी मेजर कॉन्चेर्टो तर हरवलाच होता. तो १९६१ साली प्रागच्या दप्तरखान्यात सापडला, म्हणजे आज अभिजात म्हणून डोक्यावर घेतलेली ही कृती आपल्या महाराष्ट्र राज्याहून एका वर्षाने लहान आहे! मोठ्या वाद्यवृंदासमोर चेलोचा खालचा स्वर बुडतो, म्हणून द्वोर्झाकलाही हे वाद्य एकल वादनास अपुरे वाटे. तरी अमेरिकेत असताना १८९४-९५मध्ये त्याने जो बी मायनर कॉन्चेर्टो लिहिला त्याला अद्याप तोड नाही. १९१९चा एल्गारचा कॉन्चेर्टो जॅकलिन दु प्रे हिच्या १९६५च्या ध्वनिमुद्रणामुळे जगाच्या तोंडी इतका बसला आहे की त्यातील दुःखाला आता सवयीची कळा आली आहे, असे म्हटल्यास रसिकांनी रागावू नये. त्यापेक्षा १९१५मध्ये हंगेरीच्या कोडायने एकट्या चेलोसाठी लिहिलेली सोनाटा, जीत खालच्या दोन तारा उतरवून लोकसंगीताचा रांगडा नाद काढला आहे, मला अधिक ताजी वाटते. जात्यावरच्या ओव्या आणि गोंधळ्याचे संबळ ज्यांच्या परिचयाचे आहे त्यांनी ती अवश्य ऐकावी.

आता महाराष्ट्राकडे वळू. नाझी राजवटीच्या सावटातून मध्य युरोप सोडून १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर काउफमान या संगीतकाराने तेथे चेंबर संगीताची एक संस्था काढली. तीत व्हायोलिनवर मेहली मेहता असत आणि चेलोवर एक इटालियन वादक. आकाशवाणीची जी ओळखधून वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांनी पहाटे चुलीपाशी ऐकली ती याच काउफमानची मानली जाते. म्हणजे त्या मंडळींच्या संगीताचा एक कवडसा आपल्या अंगणापर्यंत आला, बाकीचा प्रकाश कुलाबा आणि मलबार हिलच्या पलीकडे सरकला नाही. मेहलींनी १९३५मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, १९६२मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा आला, आणि २००६मध्ये नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. या शेवटच्या उद्योगाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु ज्या वाद्यवृंदातील पुष्कळसे वादक कझाकस्तान आणि इतर देशांतून आणावे लागतात, त्याने आपल्या मातीत मूळ धरले असे अजून म्हणवत नाही.

मूळ धरले होते ते वेगळ्याच ठिकाणी, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात. गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन वाचावयास शिकलेले वादक दादर–महालक्ष्मीच्या स्टुडिओंत रोजंदारीवर चेलो वाजवीत, आणि राहुल देव बर्मन यांचे साहाय्यक बासुदेव चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली आपल्या पदरचे खर्चून भारतीय रागांचा सिम्फनी वाद्यवृंद उभा केला. तो टिकला नाही. त्या स्टुडिओंतील अरेंजरांनी लिहिलेले बहुतेक कागद जपले गेले नाहीत, १९९०नंतर कीबोर्डने वादकांच्या रांगा हटविल्या, आणि तीन पिढ्यांचे कसब पेन्शनीवाचून निवृत्त झाले. चेलोला तेथे रंग भरण्याचे काम होते, बोलण्याचे नव्हते. म्हणून ते गेल्यावर त्याच्या नावे काहीच शिल्लक राहिले नाही.

या निराशेस एक तेजस्वी अपवाद आहे व तोही महाराष्ट्राशी बांधलेला आहे. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्पे येथे होते, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या नॅन्सी लेश या अमेरिकन चेलोवादक बाईंनी जमिनीवर बैठक मारून चेलोवर धृपदाचा आलाप उभा केला. चेलोच्या पट्टीवर पडदे नसतात, त्यामुळे मींड अखंड घेता येते; खर्ज मुळातच खोल. दिल्लीवासी डच वादक सास्किया राव-द हास यांनी निराळा मार्ग धरून वाद्याचा आकार लहान केला, वाजत्या तारा पाच केल्या व दहा तरफा बसविल्या. दोन्ही प्रयत्न आदरणीय आहेत. तथापि वाद्य बदलण्यापेक्षा वाद्याच्या अंगच्या गुणाला राग सापडू देणे मला अधिक उचित वाटते, आणि म्हणून माझे मत पळस्प्याच्या पारड्यात पडते.

जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या रसिकाने यातून काय घ्यावे? द्वोर्झाकचा कॉन्चेर्टो खामगावी आणावयाचा तर साठ-सत्तर वादक, तेवढ्या खुर्च्या आणि एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा अंदाजपत्रकी नफा लागेल; बाखची सुइट आणावयाची तर एक मनुष्य, हात नसलेली एक खुर्ची आणि पंखे बंद ठेवता येतील असे एक सभागृह पुरे. वैशाखात मात्र बोलावू नये, कारण आपल्याकडील कोरड्या उन्हात त्या पातळ लाकडाचे सांधे सुटतात. मार्गशीर्ष ते माघ हे दिवस उत्तम. मुंबईहून रात्रीच्या हावडा मार्गाच्या गाडीने निघालेला वादक पहाटे मलकापुरास उतरतो, आणि त्याने आधी एक सुइट व मध्यंतरानंतर कोडाय वाजवावा, इतका कार्यक्रम कोणत्याही तालुक्याच्या संगीत मंडळाला परवडण्यासारखा आहे. फक्त चिटणिसांनी ऐन वेळी साथीला तबला बसविण्याचा आग्रह धरू नये.