दोन बँड दिसले म्हणजे दोन प्रथिनं बनली का?

रत्नागिरीत बसून लिहितोय, तर उदाहरण हापूसचंच घेऊ. पिकल्या आंब्यातली बरीचशी साखर म्हणजे सुक्रोज. ते फोडतं लहान आतड्याच्या पेशींवरचं सुक्रेज-आयसोमाल्टेज हे एन्झाइम. जेलवर त्याचे दोन सबयुनिट वेगवेगळे दिसतात. मग पेशी दोन प्रथिनं बनवून जोडते, की एकच लांब साखळी बनते आणि नंतर कापली जाते?

हाउरी, क्वारोनी आणि आयसेलबाखर यांचा १९७९ चा पेपर याच प्रश्नावर आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो वाचावाच. पण 'अँटिबॉडीने सिद्ध झालं' असं जे आपण सहज म्हणून जातो, ते मला पटत नाही.

अँटिबॉडी सांगते ते एवढंच: मी ज्याला चिकटते ते इथे आहे. त्यात हे दोन सबयुनिट सहसंयुजी बंधाशिवायच एकमेकांना घट्ट धरून असतात. एकाला ओढलं की दुसरा आपसूक येतो. शिवाय दोघांच्या रचनेत बरंच साम्य, त्यामुळे एकाविरुद्धची अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटत नाही ना, हे तपासावंच लागतं.

पेपरची खरी ताकद आहे प्रयोगाच्या मांडणीत. रॅटच्या गर्भाचं आतडं दुसऱ्या रॅटच्या शरीरात अशा जागी वाढवलं, जिथे स्वादुपिंडाचा रस पोचत नाही. तिथे एन्झाइम एकाच मोठ्या साखळीत सापडलं! म्हणजे कापणारा हात पेशीबाहेरचा.

पण रोपलेल्या आतड्यात अन्न आणि पित्तही नसतं. म्हणून नुसतं रोपण मला अपुरं वाटतं. १९८० मध्ये श्योस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंड आतड्यापासून तोडलेल्या डुकरांमधून तेच एन्झाइम वेगळं केलं. साखळी एकच, आणि दोन्ही क्रियाशील जागा चालू. हा पुरावा नुसत्या बँडवर उभा नाही, एन्झाइमच्या कामावर उभा आहे. दोन पेपर शेजारी ठेवले की मगच निष्कर्ष पक्का होतो.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अँटिबॉडी असेल तर तीन गोष्टी आधी लिहा: ती कशाविरुद्ध तयार केली, नमुना एसडीएसमध्ये उकळून सबयुनिट सुटे केले होते का, आणि लसीकरणाआधीचं सीरम कंट्रोल म्हणून वापरलं का. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: अँटिबॉडी बाजूला ठेवली, तर तुमच्या हातात दुसरा कोणता पुरावा उरतो?