झाक देमीची ‘लोला’ : नर्तकी आणि माता

मद्यगृहात परक्या पुरुषांसमोर तोकड्या वस्त्रांत नाचणारी, आणि प्रसंगी तीही उतरविणारी, स्त्री चित्रपटाला त्याच्या आरंभकाळापासून प्रिय आहे. तिच्याविषयी काय सांगावयाचे याची त्याला फारशी अडचण पडलेली दिसत नाही. ती पुरुषाचा सर्वनाश करते, किंवा पुरुष तिचा सर्वनाश करतो. दोन्ही कथा ठरीव आहेत. मात्र हीच स्त्री कुणा मुलाची आई असली, की कथाकाराची पंचाईत होते. प्रेक्षकाने ज्या देहाकडे एका दृष्टीने पाहावे म्हणून तिकीट काढले, त्याच देहाने एक मूल वाढविले आहे हे त्याला सांगावे कसे? ही अडचण टाळण्याची एक युक्ती सर्वत्र रूढ आहे. मातेला तिच्या व्यवसायापासून, अथवा मुलाला मातेपासून, दूर करावयाचे. असित सेन यांच्या ‘उत्तर फाल्गुनी’ (१९६३) या बंगाली चित्रपटात, आणि त्याच दिग्दर्शकाने त्यावरून केलेल्या ‘ममता’ (१९६६) या हिंदी चित्रपटात, कोठ्यावर गाणारी आई आपली मुलगी दुसऱ्याच्या हाती सोपविते. मुलगी शिकूनसवरून वकील होते, आणि आईचे पावित्र्य तिच्या मरणाने सिद्ध होते. दोन्ही चित्रपटांत आई आणि मुलगी या दोन्ही भूमिका सुचित्रा सेन यांनीच केल्या आहेत, म्हणजे डागाळलेला देह आणि निष्कलंक देह हे एकाच रूपाचे दोन वाटे झाले. अभिनयाच्या दृष्टीने ही योजना मोठी परिणामकारक आहे. तथापि तिच्या मुळाशी जी समजूत आहे ती अशी, की हे दोन देह एकाच घरात एका वेळी नांदू शकत नाहीत.

फ्रेंच दिग्दर्शक झाक देमी याचा ‘लोला’ (१९६१) हा पहिला दीर्घ कथापट ही समजूत मुळीच मान्य करीत नाही, आणि ती मान्य नसल्याचा गाजावाजाही करीत नाही. नांत या बंदराच्या गावी ‘एल् दोरादो’ नावाच्या कॅबरेत लोला नाचते. तिचे खरे नाव सेसील. अमेरिकन खलाशी हे तेथले नित्याचे गिऱ्हाईक, आणि त्यांतला शिकागोचा फ्रँकी तिच्या खोलीवरही येतो. तिला ईव्हाँ नावाचा सात वर्षांचा मुलगा आहे. त्याचा बाप मिशेल त्याच्या जन्माच्या सुमारास निघून गेला. तो परत येईल या विश्वासावर ती दिवस काढते. काळी लेसची चोळी, पिसांचा गळपट्टा आणि उंच टोपी घालून आपल्या गाण्याची तालीम करणारी लोला आणि मुलाला हाताशी धरून चालणारी लोला या दोघींत दिग्दर्शकाने कोठेही रेघ ओढलेली नाही. ती एका जागी लज्जित आणि दुसऱ्या जागी उदात्त झालेली नाही. दोन्हीकडे ती तशीच अस्थिर, बडबडी, एकदम हसणारी आणि एकदम गप्प होणारी आहे. आनूक एमे या अभिनेत्रीने हे चांचल्य इतके सहज वठविले आहे, की लोलाला मुलासाठी त्याग करणारी माता म्हणावे तर ती हसून निसटते, आणि उथळ म्हणावे तर तिची सात वर्षांची वाट पाहणे आडवे येते.

हे साधले कसे याचे उत्तर बऱ्याच अंशी छायालेखनात सापडते. राउल कुतार याने बहुतेक प्रसंग उपलब्ध उजेडातच टिपले. खिडक्यांतून येणारा पांढरा प्रकाश इतका प्रखर आहे, की माणसांच्या कडा त्यात विरघळतात. ‘एल् दोरादो’साठी नांतमधील ‘ला सिगाल’ या जुन्या भोजनगृहाची वास्तू वापरलेली आहे. तिच्या आरशांत आणि रंगीत फरशांत रात्रीच्या पापस्थानाचा भास होण्यापेक्षा एखाद्या जुन्या पेढीतील दुपारच्या कामाचाच भास अधिक होतो. नाचणाऱ्या बायका येथे कामावर आलेल्या आहेत. कॅमेरा गिऱ्हाइकाच्या टेबलापाशी बसत नाही. तो त्या बायकांच्या बाजूने वावरतो. देहप्रदर्शनाचे दृश्य दाखवूनही प्रेक्षकाला गिऱ्हाईक होऊ न देणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, हे या विषयावरच्या पुढील काळातील कितीतरी चित्रपटांवरून दिसून येते. तेथे दिग्दर्शक तोंडाने सहानुभूती सांगत असतो आणि त्याचा कॅमेरा मात्र पैसे मोजून आलेला असतो.

हा चित्रपट मॅक्स ओफ्युल्स याला अर्पण केलेला आहे, आणि नायिकेच्या नावात ओफ्युल्सच्या ‘लोला माँतेस’ची (१९५५), तसेच स्टर्नबर्गच्या ‘ब्लू एंजल’मधील (१९३०) लोला-लोलाची आठवण आहे. परंतु नावाचे हे ऋण वरवरचे मानावे. पूर्वसूरींशी असलेले खरे नाते चित्रपटातल्या दुसऱ्या एका आईच्या द्वारे व्यक्त झाले आहे. मादाम देनुआये ही गावातली एक नेटकी, किंचित कृत्रिम शिष्टाचाराची स्त्री. चौदाव्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मुलीला ती डोळ्यांत तेल घालून जपते. तिच्या मुलीचेही नाव सेसील. या बाईंचे वागणे पाहून त्यांच्या पूर्वायुष्याची शंका येऊ नये. पण एकदा त्या आपल्या तरुणपणीचे नर्तकीच्या वेषातील छायाचित्र दाखवितात. ही भूमिका एलीना लाबुर्देत हिने केली आहे, आणि ते छायाचित्र रोबेर ब्रेसाँच्या ‘ले दाम द्यु ब्वा द बुलोन्य’ (१९४५) या चित्रपटातले आहे. त्यात तिने कॅबरेत नाचून स्वतःला आणि आपल्या आईला जगविणारी मुलगी रंगविली होती. आईसाठी नाचलेली ती मुलगी सोळा वर्षांनी दुसऱ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात स्वतःच आई होऊन बसली आहे. नाचण्याचे वय संपले, मूल राहिले, आणि प्रतिष्ठेचा एक पातळसा मुलामा चढला. लोलाचे उद्या काय होईल याचे एक उत्तर देमीने असे पडद्यावर हिंडते-फिरते ठेवले आहे. मिशेलची वाट पाहणारी त्याची आई जान हिची भूमिकाही मार्गो लिओं या अभिनेत्रीला दिलेली आहे, जी एकेकाळी बर्लिनच्या कॅबरेत गाजलेली गायिका होती. म्हणजे या लहानशा गावातल्या तिन्ही आयांच्या मागे कॅबरेचा रंगमंच उभा आहे. हा योगायोग मानणे कठीण आहे.

छोटी सेसील जत्रेत फ्रँकीबरोबर पाळण्यात बसते आणि खाली उतरताना चित्राची गती एकाएकी मंदावते. हा प्रसंग पुष्कळांनी वाखाणला आहे, आणि तो वाखाणण्याजोगा आहेच. पण त्याच्या गोडव्यात एक भय मिसळलेले आहे. कारण लोलालाही मिशेल चौदाव्या वर्षी, अशाच एका जत्रेत, खलाशाच्या वेषात भेटला होता. मुलीच्या डोळ्यांतला तो आनंद कोणत्या रस्त्याचा पहिला दगड आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, मुलीला नसते. आईला असते, आणि ती ते सांगू शकत नाही.

या चित्रपटावर घेता येण्याजोगा गंभीर आक्षेप त्याच्या शेवटाविषयी आहे. मिशेल पांढऱ्या कॅडिलॅक गाडीतून, पांढऱ्या पोशाखात, श्रीमंत होऊन खरोखरच परत येतो आणि लोलाला व मुलाला घेऊन जातो. सात वर्षांच्या प्रतीक्षेचे असे बक्षीस आयुष्यात मिळत नाही. शिवाय लोलाच्या व्यवसायातला पैशाचा व्यवहार चित्रपटात जवळजवळ अदृश्यच आहे. नाचाचे मोल काय, खलाशाकडून काय मिळते, मुलाचा खर्च कसा भागतो, यांविषयी दिग्दर्शक मौन पाळतो. कुतारच्या त्या शुभ्र प्रकाशाने माणसांच्या कडांबरोबर हिशेबही पुसून टाकला आहे, असे कुणी म्हटले तर ते सर्वस्वी अन्यायाचे ठरणार नाही. देमीच्या बाजूने एवढे सांगता येते, की शेवट परीकथेचा आहे हे तो लपवीत नाही. मिशेल ज्या माटारेव्हा बेटावरून संपत्ती घेऊन येतो, तेच बेट गॅरी कूपरच्या एका चित्रपटात दाखविलेले आहे, आणि लोलावर निष्फळ प्रेम करणारा तिचा बालमित्र रोलाँ तो चित्रपट पाहून येतो. उद्धारकर्ता पडद्यावरूनच उतरलेला आहे. पुन्हा गाडीतून जाताना लोलाला रस्त्याने एकटा चाललेला रोलाँ दिसतो आणि ती वळून पाहते. सुखाच्या क्षणी मागे वळलेला तो चेहरा शेवटाच्या गोडीत खडा टाकतो. तरीही हिशेब बाकी राहतोच.

तो हिशेब देमीने आठ वर्षांनी स्वतःच पुढे मांडला. ‘मॉडेल शॉप’ (१९६९) हा त्याने अमेरिकेत, लॉस एंजलिस शहरात, इंग्रजीतून केलेला चित्रपट. नायक जॉर्ज हा बेकार वास्तुकार. हप्ते थकल्यामुळे त्याची गाडी जप्त व्हावयाची आहे आणि व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यभरतीचे बोलावणे आलेले आहे. पांढऱ्या वेषातल्या एका परदेशी स्त्रीच्या मागोमाग तो एका दुकानात शिरतो. तेथे गिऱ्हाइकाने पैसे भरावयाचे, कॅमेरा भाड्याने घ्यावयाचा, आणि निवडलेल्या स्त्रीची तोकड्या वस्त्रांतली छायाचित्रे बंद खोलीत काढावयाची. पाव तासाला एक दर, अर्ध्या तासाला दुसरा. ती स्त्री लोला आहे, आणि तिची भूमिका पुन्हा आनूक एमेचीच आहे. मिशेल तिला सोडून एका जुगारी बाईबरोबर गेला. ही जॅकी, देमीच्याच ‘ला बे देझांज’ची (१९६३) नायिका. फ्रँकी व्हिएतनाममध्ये मारला गेला. मुलगा आता चौदा वर्षांचा असून फ्रान्समध्ये आहे, आणि त्याच्याकडे परत जाण्याच्या भाड्यासाठी लोला हे काम करते.

हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही, आणि पुष्कळांना त्याने दुखविले. ‘लोला’वर प्रेम करणाऱ्याला तिची ही दशा पाहवू नये हे स्वाभाविक आहे. कलाकृती म्हणूनही त्यात उणिवा आहेत. इंग्रजी संवाद जागोजागी लाकडी वाटतात, गॅरी लॉकवुडचा जॉर्ज मनातल्या खळबळीपेक्षा गाडी चालविण्यातच अधिक प्रत्ययकारी आहे, आणि रस्त्यांवरची भटकंती कित्येकदा केवळ भटकंतीच राहते. परंतु त्या बंद खोलीतला प्रसंग ‘लोला’तल्या कोणत्याही प्रसंगाइतका सत्य आहे. पहिल्या चित्रपटात देमीने आपला कॅमेरा गिऱ्हाइकाच्या हातापासून दूर ठेवला होता. येथे तो गिऱ्हाइकाच्याच हातात आहे, आणि त्याला भाडे लागते. जॉर्ज खटके दाबतो, ती सांगितल्याप्रमाणे बसते, उठते. तिच्या मुखावर दुःखाचा आविर्भाव नाही. कामाची वेळ भरून काढणाऱ्या माणसाचा थकवा आहे. पहिल्या चित्रपटाने मोल सांगितले नव्हते, दुसऱ्याने मिनिटामिनिटाचे सांगितले. विशेष हे, की त्यामुळे लोला लहान झाली नाही. तिच्या गालावरची जुनी चंचलता मावळली आहे, पण स्वतःविषयी बोलताना ती कुणाकडे क्षमा मागत नाही आणि मुलाचे नाव घेताना आवाज बदलीत नाही. ‘उत्तर फाल्गुनी’तल्या आईला जे मरणाने मिळवावे लागले ते लोलाला कधी सिद्धच करावे लागलेले नाही.

गाडीच्या प्रतिमेने हे दोन चित्रपट एकमेकांना उत्तर देतात. नांतमध्ये गाडी येते आणि लोला सुटते. लॉस एंजलिसमध्ये जॉर्जने गाडी वाचविण्यासाठी मित्राकडून शंभर डॉलर उसने आणलेले आहेत. त्यातले उरलेले पैसे तो लोलाला तिकिटासाठी देऊन टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत गाडी ओढून नेली जाते. कुणाचे तरी काही गेल्यावाचून दुसऱ्या कुणाची सुटका होत नाही, ही गोष्ट पहिल्या चित्रपटाने रोलाँच्या पाठमोऱ्या आकृतीत नुसती सुचविली होती. येथे ती पैशांत मोजली गेली आहे. म्हणून ‘मॉडेल शॉप’ने ‘लोला’ नासविली असे म्हणण्याऐवजी तिचे राहिलेले देणे फेडले असे म्हणणे अधिक योग्य होईल. नांतच्या शुभ्र प्रकाशाला आता त्याची किंमत कळलेली आहे, आणि पहिला चित्रपट त्यानंतर पुन्हा पाहिला असता त्यातली लोलाची हसरी वाक्येही निराळी ऐकू येतात.

जॉर्ज सकाळी तिच्या घरी दूरध्वनी करतो तेव्हा ती निघून गेलेली असते. माय-लेकरांची भेट देमीने दाखविलेली नाही. ‘लोला’त आईच्या बोटाला धरून गाडीत चढलेला ईव्हाँ या चित्रपटात प्रत्यक्ष कोठेही येत नाही, त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे भाडे मात्र जमलेले आहे.