‘लायब्ररी लावली’ हे इंग्रजीत कसं सांगणार?

आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत पहिल्या भागात परीक्षक ओळखीच्या विषयांवर साधे प्रश्न विचारतो. घर, गाव, काम, जेवण. त्यातलाच एक विषय लायब्ररी. तुम्ही लायब्ररीत जाता का? किती वेळा? तिथे काय करता? लहानपणी जात होतात का? परदेशात पीएचडीसाठी अर्ज करायचा म्हणून तुमच्यापैकी जे ही परीक्षा देणार आहेत, त्यांना हा विषय सोपा वाटतो. पण बीड जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यासाठी तो दिसतो तितका सोपा नाही. का, ते बघू.

बीड, अंबाजोगाई, परळी किंवा माजलगावला एखाद्या मुलाला विचारा, ‘सध्या काय चाललंय?’ तो म्हणेल, ‘लायब्ररी लावलीय.’ क्लास लावतात, मेस लावतात, तशी लायब्ररी लावतात. म्हणजे महिन्याची फी भरून अभ्यासिकेत एक जागा घेतात. टेबल, खुर्ची, दिवा, चार्जिंगची सोय, लाईट गेली तर इन्व्हर्टर. पुस्तकं आपली आपण न्यायची. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नेट-सेट असे सगळे एकाच रांगेत बसलेले. बोलायचं नाही, फोन बाहेर जाऊन घ्यायचा.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांच्या केंद्रस्थानी वाचक आणि पुस्तक यांची गाठ पडणं आहे. अभ्यासिकेत पुस्तक वाचकाच्याच पिशवीतून येतं. तिथे भाड्याने मिळते ती शांतता आणि बसायची जागा. घरात दोन खोल्या नि सहा माणसं असतील, तर ती शांतता किती मोलाची, हे तुम्हाला सांगायला नको.

आता क्लासच्या नोट्समध्ये फिरणारं नमुना उत्तर घ्या. त्यातला विद्यार्थी आठवड्यातून दोनदा लायब्ररीत जातो, कादंबऱ्या घरी आणतो, तिथलं वातावरण त्याला प्रसन्न वाटतं आणि लहानपणी आई त्याला गोष्टींची पुस्तकं आणायला तिथे न्यायची. भाषा चकचकीत आहे, पण माणूस कुणाचाच नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील साखर कारखान्यावर आणि आपण आजीजवळ किंवा वसतिगृहात, असं बालपण गेलेल्या विद्यार्थ्याने हे वाक्य पाठ करून म्हणायचं!

यातला व्यवहारी तोटा आधी बघा. या परीक्षेत चार गोष्टींना समान वजन आहे : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. तुमची सवय चांगली की वाईट, याला गुण नाहीत. ‘मी लायब्ररीत जात नाही’ हेही पूर्ण गुणांचं उत्तर होऊ शकतं. उलट, खालच्या बँडच्या जाहीर वर्णनात पाठ केलेल्या वाक्यांवर विसंबण्याचा उल्लेख आहे. शिवाय परीक्षक लगेच पुढचा प्रश्न टाकतो : ‘शेवटचं कोणतं पुस्तक आणलंत?’ पाठ केलेलं तिथे संपतं आणि ओघही.

मग दोष सगळा क्लासचाच का? प्रश्नाकडेही टीकेच्या नजरेने बघायला हवं. सॅम्युएल मेसिक यांनी 1989 साली चाचण्यांच्या वैधतेवर केलेली मांडणी संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. त्यांचा एक मुद्दा असा : चाचणीला जे मोजायचं आहे, त्याच्याशी संबंध नसलेली गोष्ट गुणांत शिरली, तर त्या गुणांचा अर्थ बिघडतो. इथे मोजायचं आहे इंग्रजी. पण पुस्तकं घरी नेण्याची सवय ‘सर्वांच्या ओळखीची’ धरून चालणारा प्रश्न, ती सवय असलेल्याला तयार वाक्यं देतो. ती नसलेल्याला आधी विचार करावा लागतो की, माझ्याकडे जे आहे त्याला लायब्ररी म्हणायचं का? तो अडखळतो. परीक्षकाला ऐकू येतं फक्त अडखळणं.

हीच चूक उद्या तुमच्या प्रश्नावलीत होणार आहे, म्हणून हा विषय इथे घेतला. समजा, जिल्ह्यातल्या तरुणांच्या वाचनसवयींवर तुम्ही प्रबंध लिहिताय आणि विचारलंत, ‘तुम्ही लायब्ररीत जाता का?’ अभ्यासिकेतला प्रत्येक जण ‘हो, रोज’ म्हणेल. तुमच्या तक्त्यात बीड हा वाचनवेडा जिल्हा ठरेल. प्रत्यक्षात एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या संस्था आहेत. एक, 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं शासनमान्य वाचनालय. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. दोन, कॉलेजचं ग्रंथालय. तीन, खासगी अभ्यासिका. शब्द काय मोजतो हे आधी ठरवायचं, मग मोजायचं. संशोधनपद्धतीच्या पेपरात हिलाच कार्यकारी व्याख्या म्हणतात.

तर मग उत्तर कसं द्यायचं? आधी ‘लावली’ या क्रियापदाचं भाषांतर करायचा नाद सोडा. इंग्रजीत लायब्ररी लावता येत नाही. जे घडतं ते सांगा : आमच्याकडे मुलं ज्याला लायब्ररी म्हणतात ती खरं तर पैसे देऊन घेतलेली रीडिंग रूममधली जागा आहे; पुस्तकं माझीच असतात; घरी गोंगाट असतो म्हणून मी जातो; कॉलेजच्या ग्रंथालयात मी फक्त संदर्भग्रंथ बघायला जातो; प्रबंध शोधगंगावर मोबाईलवर उघडतो. या पाच वाक्यांत तुलना आली, कारण आलं, वर्तमानकाळातली सवय आली. ‘बॉरो’ आणि ‘रेंट’ यांतला फरक आला. परीक्षकाने उपप्रश्न विचारला तरी तुमच्याकडे सांगायला असतं, कारण ते तुमचंच आहे.

ग्रंथालयं कशी बदलली, असा मोठा प्रश्न आला तर अंबाजोगाईकरांनी मागे हटू नये. दासोपंतांनी तिथे कापडावर लिहिलेली पासोडी ठाऊक असलेल्या माणसाकडे ‘पुस्तक म्हणजे काय’ या प्रश्नावर बोलायला पुष्कळ आहे.

तयारीसाठी एक काम करा. तुम्ही जिथे बसता त्या जागेचं आठवडाभर टिपण ठेवा : किती वाजता गेलात, काय वाचलंत, ते पुस्तक कुठून आलं, शेजारचा काय वाचत होता, कशामुळे उठावं लागलं. आधी मराठीत लिहा, मग मोठ्याने इंग्रजीत सांगा, लिहिलेलं न वाचता. दोन मिनिटं पुरतात. परीक्षेचा निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात. पण स्वतःच्या जागेकडे बघून ती नेमक्या शब्दांत दुसऱ्याला समजावून सांगता आली, तर तीच सवय पुढे क्षेत्रकार्यात, प्रबंधात आणि तोंडी परीक्षेत कामाला येते. दुसऱ्याच्या लायब्ररीचं वर्णन पाठ करून तिथे काहीच हाती लागत नाही.