गोष्टीत नाव आणि गोष्टीत काम

परदेशात वाढणाऱ्या मुलांना आपली संस्कृती द्यायची कशी, हा विषय कुठल्याही भाषिक मंडळाच्या बैठकीत निघतोच. अमेरिकेतल्या तेलुगू समाजाने त्यासाठी मोठ्या संस्था उभारल्या. 'ताना' ही उत्तर अमेरिकेतली संघटना 1977 पासून काम करते आहे आणि कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉनआंध्रने 2007 मध्ये 'मनबडि' ही तेलुगू शाळा सुरू केली. पण 'ताना'चे संमेलन दोन वर्षांतून एकदा भरते आणि शाळेला सुट्टीचा वार लागतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या पदरात त्यातले थोडेच पडते. या वयासाठी तेलुगू घरांनी वेगळी वाट धरली आहे. तिथे मूलच गोष्टीतले एक पात्र होते. कधी अम्मम्मा, म्हणजे आईची आई, व्हिडिओ कॉलवर तेनाली रामाच्या शेजारी नातवाला बसवते, कधी आई-वडील घरीच चार पानांचे पुस्तक करतात, तर कधी मुलाचे नाव घालून छापलेले पुस्तक मागवले जाते. हे निव्वळ हौशीचे किंवा बाजाराचे खूळ आहे, असे अनेकांना वाटते. मला मात्र त्यात तेलुगू कथनकलेचीच जुनी रीत दिसते. तिचा कस मुलाचे नाव किती वेळा आले यावर लागत नाही. गोष्टीत त्याला काय काम मिळाले, यावर लागतो.

बुर्रकथा या तेलुगू लोककथन प्रकाराची मांडणी पाहिली की हे पटते. मधला कथेकरी तंबुरा घेऊन आख्यान चालवतो आणि दोन्ही बाजूंचे साथीदार ढोलकीसारखे वाद्य वाजवत त्याला अडवतात, प्रश्न विचारतात. एकाकडे विनोद असतो, दुसऱ्याकडे चालू घडामोडींवरची टीका. शेख नाजर यांच्यासारख्या कलावंताने हा प्रकार लोकप्रिय केला, त्यात वीरकथेइतकाच या अडवणुकीचा वाटा होता. आंध्रातल्या तोलुबोम्मलाट या चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या खेळातही रामायण रंगात आले असताना केतिगाडु आणि बंगारक्का ही विनोदी पात्रे घुसतात आणि गावातल्याच गोष्टी बोलू लागतात. म्हणजे प्रेक्षकाला कथेत ओढून घेणे ही या परंपरेची अंगभूत सवय आहे. मराठी वाचकाने आणखी एक लक्षात घ्यावे: या बाहुल्या नाचवणाऱ्या अनेक कुटुंबांची घरची बोली मराठीची आहे. एक समाज घरी एक भाषा बोलत दुसऱ्या भाषेतले महाकाव्य पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवतो. अनंतपूर भागातल्या निम्मलकुंटा गावचे दलवाई चलपती राव यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी.

लहान मुलांच्या गोष्टींत तर ही जागा आधीच राखून ठेवलेली आहे. सात माशांची गोष्ट तेलुगू घरात प्रत्येकाला ठाऊक असते. राजाच्या सात मुलांनी आणलेल्या सात माशांपैकी एक वाळत नाही. का, म्हणून विचारत गेले की दोष गवताच्या गंजीवर जातो, तिथून गाईवर, गुराख्यावर, आणि असे करत शेवटी रडणाऱ्या बाळावर आणि त्याला चावलेल्या मुंगीवर. मुंगीचे म्हणणे सरळ आहे: माझ्या बिळात बोट घातले तर मी चावणारच. त्या बाळाला घरातल्या मुलाचे नाव दिले की काहीही ओढूनताणून करावे लागत नाही, कारण साऱ्या साखळीची कळ त्याच्याच बोटात आहे. उगादीच्या, म्हणजे तेलुगू नववर्षाच्या, पच्चडीलाही हेच लागू पडते. कडुनिंबाचा मोहोर, गूळ, कैरी, चिंच, मीठ आणि तिखट या सहा चवी मुलानेच एकेक करून शोधून आणायच्या, अशी गोष्ट रचली तर न्यू जर्सीत कडुनिंबाचा मोहोर सहज मिळत नाही ही अडचणच तिचा सर्वांत रंगतदार भाग होते. याउलट, सणाचे वर्णन तसेच ठेवून वर फक्त नाव चिकटवले, तर ते पुस्तक लग्नपत्रिकेसारखे होते. नाव बदलले तरी मजकूर तोच.

यावरचा गंभीर आक्षेप असा की मुलाला सतत नायक केले तर ते आत्मकेंद्री होईल. तो निराधार नाही. संशोधक नतालिया कुसिरकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत मुलाभोवती रचलेल्या मजकुरातून लहान मुले नवे शब्द अधिक चांगले शिकली; पण अशी पुस्तके वाचताना ती स्वतःबद्दलच जास्त बोलतात, असेही आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र घेतले तर वाट स्पष्ट होते. मुलाला राजा न करता बुर्रकथेतला साथीदार करावे. त्याने विचारावे, शंका काढावी, चूक करावी आणि तिचा परिणाम इतरांवर होताना पाहावा. सात माशांच्या गोष्टीतले बाळ केंद्रस्थानी आहे, पण त्याचे कौतुक कुणी करत नाही. त्याच्या खोडीने गाय उपाशी राहते, हे मात्र त्याला कळते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या शुद्धतेचा आहे. ज्या खेळात रामायणाच्या मध्येच केतिगाडु गावगप्पा मारतो, तिथे कथानकाची सोवळी प्रत शोधण्यात अर्थ नाही. तिसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: गोष्ट इंग्रजीत सांगितली तर तेलुगू उरली कुठे? बाहुलीकारांनी कथेची भाषा सोडली नाही, म्हणून त्यांची कला तेलुगू राहिली, हे इथे विसरून चालणार नाही. सगळी गोष्ट तेलुगूत सांगणे ज्या घरात जमत नाही, तिथे निदान फिरून फिरून येणारा प्रश्न, नात्यांची नावे आणि मुलाच्या तोंडचे वाक्य तेलुगूत ठेवता येते. साखळीच्या गोष्टीत एकच वाक्यरचना पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे ती व्याकरण न शिकवताही तोंडी बसते. पुढे 'मनबडि'त अक्षरे भेटतील तेव्हा त्यांच्यामागे ओळखीचा आवाज असेल. ही तडजोड आहे हे खरे, पण तिच्यात भाषेला काम उरते.

परदेशातल्या मराठी मंडळांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. 1947 मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेला 'चंदामामा' हा मुलांच्या मासिकाचा अंक पुढे 'चांदोबा' होऊन आपल्या घरात आला, तेव्हा तो परका वाटला नाही. संक्रांतीच्या दिवसांत तेलुगू घरी मुलांच्या डोक्यावरून भोगीची बोरे ओततात, आपल्याकडे बोरन्हाण होते. मंडळाच्या पुढच्या बोरन्हाणाला मुलांना नुसते बसवून फोटो काढण्याऐवजी ज्यात त्यांनाच काही शोधायचे आहे, विचारायचे आहे अशी एक मराठी गोष्ट तयार ठेवावी, आणि शेजारच्या तेलुगू आजीलाही तिची सांगायला बोलवावे. खर्च काही नाही. एक प्रश्न तेवढा नीट रचावा लागेल, आणि त्याचे उत्तर मुलाकडून यायची वाट पाहावी लागेल.