आपल्या साहित्यातला एकटा पत्रकार

टीकालेखन हा माझा प्रांत नव्हे. मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर माझे रीतसर शिक्षण संपले. पुढे जे काही पदरात पडले ते वर्गात मुलांसमोर उभे राहून आणि कादंबऱ्यांचे कागद फाडता फाडता. तेव्हा पंडितांनी या लेखाकडे कानाडोळा केला तरी माझी तक्रार नाही. दिवाळीच्या चार निवांत दिवसांत घरोघरी हा अंक उघडला जाईल आणि फराळाच्या ताटाशेजारी कोणी हे वाचील, एवढ्याच भरवशावर मी लिहितो आहे.

माझा मुद्दा साधा आहे. आपल्या नाटक-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत पत्रकार पुष्कळ आहेत. पण जो भेटतो तो एकटा भेटतो. त्याला बायको असते, मित्र असतो, सिगारेट आणि पेला असतो, वर शेठ असतो आणि समोर मंत्री असतो. फक्त त्याच्याच धंद्यातल्या माणसांनी वर्गणी काढून उभी केलेली संघटना कुठे नसते. निदान माझ्या वाचनात तरी ती कथानकाला वळण देण्याइतकी आलेली नाही. नाटककार म्हणेल, मी माणसाचे दुःख लिहितो, युनियनचे इतिवृत्त लिहीत नाही. हे उत्तर ऐटदार आहे. पण पुरेसे नाही.

या एकटेपणाची मुळे जुनी आहेत. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून एकशे एक दिवसांनी दोघे सुटले आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांसाठी मंडालेला धाडले, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपेही त्याच वर्षी तुरुंगात गेले. त्या काळी पत्र काढणारा, लिहिणारा आणि तुरुंगात जाणारा बहुधा एकच असे. त्याच्यामागे समाज उभा राही. संपादकाचा तो एकटेपणा खराखुरा होता आणि तेजस्वीही होता.

पुढे वर्तमानपत्र हा भांडवलाचा धंदा झाला. यंत्रे आली, जाहिराती आल्या, मालक वेगळा झाला आणि लिहिणारा पगारी नोकर झाला. पगारी नोकराला तुरुंगाची भीती वर्षातून एखाद्या वेळी वाटत असेल. नोकरीची भीती मात्र रोज सकाळी वाटते. हा बदल पत्रकारांना स्वतःला लवकर कळला. मराठी पत्रकार परिषद १९३९ ची, मुंबई मराठी पत्रकार संघ १९४१ चा. १९५० साली दिल्लीत इंडियन फेडरेशन ऑफ वर्किंग जर्नालिस्ट्स ही देशव्यापी संघटना उभी राहिली. आम्हा कथालेखकांना मात्र तो बदल अजून नीटसा कळला आहे असे वाटत नाही. आम्ही पगारी नोकराच्या अंगात टिळकांचा अंगरखा चढवतो आणि तो त्याला सैल होतो म्हणून हळहळतो.

विजय तेंडुलकरांचे 'कमला' घ्या. नाटक १९८१ चे. त्याच वर्षी 'इंडियन एक्स्प्रेस'चे अश्विनी सरीन यांनी एक बाई विकत घेऊन माणसांचा बाजार उघडकीला आणला होता. नाटकाचे बीज त्यात आहे. नाटकातला जयसिंग जाधव दिल्लीतला तडफदार पत्रकार. तो अडीचशे रुपयांना कमलाला विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, वाहवा मिळवतो. आपण स्वतःच्या बायकोला कसे वागवतो हे मात्र त्याला दिसत नाही. शेवटी बड्या लोकांना बातमी बोचते, मालक त्याला काढून टाकतो आणि जयसिंग दारू पिऊन कोसळतो. सरिता जागी होते, तो झोपतो. नवराबायकोच्या नात्याची ही चिरफाड मराठी रंगभूमीवर क्वचितच इतकी निर्मम झाली असेल. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते त्या बडतर्फीबद्दल. प्रत्यक्षात सरीन यांच्या पाठीशी त्यांचे वर्तमानपत्र उभे राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. नाटककाराने ते उलटे केले. तो त्याचा अधिकार आहे. पण उलटे करताना त्याने पत्रकाराच्या खालची सगळी जमीनच काढून घेतली. मालकाची इच्छा झाली आणि माणूस गेला! त्या काळी असे घडत नव्हते असे नाही. पण १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा तेव्हा अमलात होता. संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. दाद मागायला कामगार न्यायालय होते. संघटनेचे कार्यालय त्याच शहरात होते. इतक्या गोतावळ्यातल्या जयसिंगला एकदाही वाटत नाही, की जाऊन आपल्या संघटनेच्या चिटणिसाला भेटावे. तेंडुलकरांनी स्वतः वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वर्षे घालवली होती. त्यांना हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्यांनी ते वगळले. जयसिंगच्या घमेंडीला संघटना शोभलीच नसती, असे कोणी त्यांच्या बाजूने म्हणेल, आणि ते मी मान्य करीन. पण मग जुन्या वळणाचे पत्र चालवणारे काकासाहेब? तेही भाषेविषयी आणि निष्ठेविषयी मोलाचे बोलतात. नोकरी गेलेल्या माणसाने उद्या सकाळी कुठे जावे हे मात्र त्यांनाही सुचत नाही.

मी हे इतके घोळवतो आहे, कारण प्रेक्षकाच्या मनावर त्याचा जो संस्कार होतो तो मला घातक वाटतो. वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे एका शूर माणसाची छाती, असे तो घरी घेऊन जातो. ती छाती फुटली की स्वातंत्र्य संपले. मग त्याला कोणी सांगितले, की वृत्तपत्रस्वातंत्र्यात कामाचे तास, ग्रॅच्युइटी आणि नोटिशीचा पगार यांचाही वाटा आहे, तर तो हसतो.

आमच्या मास्तरांच्या धंद्यातले एक उदाहरण सांगतो. एका संस्थेत मी असताना चालकांनी एका सहकाऱ्याला तोंडी सांगून टाकले, उद्यापासून येऊ नका. तो गृहस्थ घरी जाऊन आजारीच पडला. तिसऱ्या दिवशी शिक्षक संघटनेचा एक माणूस आला. हातात छत्री, काखेत फाइल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने आवाज चढवला नाही, की भाषण केले नाही. सेवाशर्तींच्या नियमांतले एक कलम वाचून दाखवले, पोचपावती मागितली आणि चहा न घेता निघून गेला. पुढच्या आठवड्यात आमचा सहकारी वर्गावर होता. त्या माणसावर कोणी कादंबरी लिहिली नाही. लिहिण्यासारखे त्याच्यात काही आहे असे त्यालाही वाटले नसेल.

कोणी म्हणेल, हे सारे रूक्ष आहे. संघटना हा कलेचा विषयच नव्हे. या आक्षेपाला उत्तर मराठीतच आहे. अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' १९७२ ची आणि 'सिंहासन' १९७७ ची. त्यांवरून तेंडुलकरांच्याच पटकथेवर जब्बार पटेलांनी १९७९ साली 'सिंहासन' चित्रपट केला. त्यात कामगार पुढारी डिकास्टा आहे. त्याच्या युनियनच्या हालचालीने मंत्रालय कान टवकारते. म्हणजे युनियन चित्रात आली, ठसठशीत आली आणि रंगलीही! पण त्याच चित्रात निळू फुल्यांचा दिगू टिपणीस सगळ्यांना भेटतो, सगळे पाहतो, सगळे जाणतो आणि शेवटी भर रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. कष्टकऱ्याला संघटना आहे, बातमी लिहिणाऱ्याला नाही. दिगूला झालेली जखम ज्ञानाची आहे, ती कोणत्याही संघटनेला बांधता आली नसती, हे खरेच. तरीही साधूंसारख्या मुरलेल्या पत्रकाराच्या जगातूनही पत्रकारांची संघटना अशी निसटावी, हे मला फार बोलके वाटते. आपण पत्रकाराला साक्षीदार समजतो, कामगार समजत नाही.

आता संघटनांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे; मी काही त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. १९७५ साली आणीबाणी पुकारली गेली तेव्हा दोनच दिवसांनी दिल्लीच्या प्रेस क्लबात शंभराच्या आसपास पत्रकार जमले आणि निषेधाचा ठराव झाला. पुढच्याच महिन्यात कुलदीप नय्यर यांना अटक झाली आणि ती गर्दी विरली. पण १९८२ साली बिहारच्या विधिमंडळाने वृत्तपत्रांना जखडणारे विधेयक संमत केले, तेव्हा देशभरचे पत्रकार संपावर गेले, मोर्चे निघाले आणि वर्षभरात ते मागे घ्यावे लागले. १९८८ च्या बदनामीविरोधी विधेयकाचीही तीच गत झाली. लोकसभेत ते संमत झाले होते, तरी महिन्याभरात गुंडाळले गेले. या दोन विजयांत नायक कोण? एकाही माणसाचे नाव चटकन ओठांवर येत नाही. म्हणूनच बहुधा त्यांवर नाटक झाले नाही.

आज कित्येक गावी संघटना म्हणजे सहा जानेवारीचा पत्रकार दिन, 'दर्पण'कारांच्या तसबिरीला हार, पाहुण्याला शाल-श्रीफळ आणि पाहुणा तोच, ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची असते. एकाच तालुक्यात दोन-तीन संघ आणि त्यांचे एकमेकांशी बोलणे बंद. आणि जो खेड्यातला वार्ताहर बातमीला मोजके पैसे घेतो, वर जाहिराती गोळा करून देतो, तो यांतल्या कोणत्या वहीत नोंदला आहे? फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर मोटार घालण्यात आली आणि त्यांचा प्रीण गेला असे म्हणून भागणार नाही. त्यांचा प्राण घेतला गेला. ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्या दिवशी छापली होती, त्याच्यावरच तो आरोप आला. पहिल्यांदा गुन्हा नोंदला गेला तो सदोष मनुष्यवधाचा. राज्यभरचे पत्रकार संघ काळ्या फिती लावून उठले आणि मग खुनाचे कलम लागले. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ सालीच केला होता. तोही संघटनांनी वर्षानुवर्षे निवेदने देऊन, उंबरठे झिजवून मिळवलेला. कायदा वारिशे यांना वाचवू शकला नाही. पण संघटना नसत्या तर ते मरण अपघाताच्या सदरात बसले असते.

एक गोष्ट अशी आहे, की जी कोणा कादंबरीकाराच्या नजरेला कशी पडली नाही याचे मला नवल वाटते. पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष होते मुंबईचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९५४ साली आला आणि १९५५ चा कायदा त्यातून निघाला. तीन वर्षे नोकरी झालेल्या पत्रकाराने स्वेच्छेने राजीनामा दिला तरी त्याला ग्रॅच्युइटी मिळावी, असे त्यात एक कलम होते. मालक न्यायालयात गेले आणि १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. मग १९६२ च्या दुरुस्तीने ते निराळ्या रूपात परत आले. सहज राजीनामा दिला तर दहा वर्षांची नोकरी हवी. पण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून दिला, तर तीनच वर्षे पुरेत. सरकारी कायद्यात, ग्रॅच्युइटीच्या कलमात, सदसद्विवेकबुद्धी! तो कायदा आता राहिला नाही. २०२० च्या कामगार संहितांनी त्याला पोटात घेतले आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या संहिता लागू झाल्या. पण गोष्ट जुन्या काळातली असायला काय हरकत आहे?

समजा, साल १९६४. मुंबईच्या एका दैनिकात एक उपसंपादक आहे. घरी बायको, दोन मुले, गावी म्हातारी आई. नोकरीला दोन वर्षे दहा महिने झालेले. एके रात्री मालकाच्या खोलीतून एक मजकूर येतो, धादांत खोटा, आणि त्यावर त्याने मथळा द्यायचा आहे. कंपोझिटर दारात उभा आहे. संघटनेच्या चिटणिसाने कालच त्याला बोटे मोजून सांगितले आहे, की आणखी दोन महिने कळ काढा.