पोलादी बीम आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य

स्ट्रक्चर विषयात पीएचडीचा सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिल्या पानावर एक वाक्य हमखास येतं: 'पोलाद डक्टाइल असल्याने पोलादी इमारती भूकंपात चांगल्या टिकतात.' माझ्याही आलं होतं. खाली तीन संदर्भ होते. खरं सांगू? पूर्ण वाचलेला एकच.

पोलाद डक्टाइल असतं, म्हणजे तुटण्याआधी बरंच ताणलं जातं, यात खोटं काही नाही. पण इमारत नुसत्या पोलादाची नसते, जोडांचीही असते. 17 जानेवारी 1994 ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. पोलादी फ्रेमच्या इमारती बाहेरून ठीक दिसत होत्या. नंतर आतलं आवरण काढून बघितलं, तर शंभराहून अधिक इमारतींत बीम-कॉलमचे जोड तडकलेले! बहुतेक तडे बीमच्या खालच्या फ्लँजच्या वेल्डपाशी. बीमने वाकून ऊर्जा पचवावी हा सगळा हिशेब; कित्येक ठिकाणी बीम वाकायच्या आधीच वेल्ड काचेसारखा तुटला.

खालीच का? तिथे बीमचा वेब मध्ये येतो, त्यामुळे वेल्डरला सलग वेल्ड मारता येत नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीही नेमकी तिथेच अडते. वेल्डखाली ठेवलेली बॅकिंग पट्टी काम झाल्यावर तशीच सोडायचे. तिची फट म्हणजे तड्याला आयती खाच. त्यात वेल्डिंगची वायर भराभर धातू भरणारी, पण तडा रोखायला कमकुवत.

आता आपल्या कामाचा मुद्दा. या जोडावर विश्वास बसला तो मुख्यतः बर्कलीला पोपोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास केलेल्या चाचण्यांवरून. तिथले बीम साधारण 450 ते 600 मिमी खोलीचे. पुढे प्रत्यक्षात कडक जोड मोजक्याच ठिकाणी द्यायची पद्धत आली आणि बीम 900 मिमीपर्यंत गेले. निष्कर्ष मात्र तोच उचलला गेला. बरं, त्या चाचण्यांतही सगळे नमुने सारखे वागले नव्हते. 1993 मध्ये एंगेलहार्ट आणि हुसेन यांनी तर हा जोड बेभरवशाचा असल्याचं छापलंही होतं. भूकंप त्यानंतर काही आठवड्यांतच आला. म्हणून माझी तक्रार पोपोव्हवर नाही, त्यांचा फक्त सारांश वाचणाऱ्यांवर आहे (मीही त्यातलाच).

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेतलं, आपल्याला काय? आपली आयएसएमबी मालिका 600 वर संपते. त्याहून खोल बीम हवा, तर प्लेटा वेल्ड करून बनवतात. म्हणजे जुन्या चाचण्यांच्या मापाबाहेर आपणही सहज जातो, आणि तेही वेल्ड वाढवून.

तेव्हा संदर्भ जोडण्याआधी पेपरमधला नमुन्यांचा तक्ता उघडा: बीमची खोली, फ्लँजची जाडी, वेल्डची वायर, किती नमुने लवकर तुटले. निष्कर्ष नंतर वाचा.

माझं ते वाक्य आता साडेतीन ओळींचं झालंय. गाईड म्हणतात, फार लांब आहे. मी अजून तरी कापलेलं नाही.